भट्टीपुढचे राष्ट्रपती, मागच्या रेजा

३ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद राउरकेल्यात होते आणि ४ फेब्रुवारीला भिलाईत. दोन दिवसांत दोन झोतभट्ट्यांची उद्घाटने. पहिली पश्चिम जर्मनीच्या मदतीने उभी राहिलेली, दुसरी सोव्हिएत संघाच्या. त्या वर्षी हे दोन देश बर्लिनवरून एकमेकांवर डोळे वटारून होते. भारताने मात्र दोघांकडूनही पोलाद करायला शिकायचे ठरवले होते आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजांच्या मदतीचे दुर्गापूरही सुरू झाले. समारंभाच्या फोटोंत हे राजकारण शोधून सापडत नाही. गांधी टोपी घातलेले, पंचाहत्तरीला टेकलेले एक गृहस्थ, हार, मंडप, मागे लोखंडाचा भला मोठा सांगाडा. वर्तमानपत्रे चाळणाऱ्याला दोन्ही ठिकाणचा दिवस एकच वाटावा.

भिलाईचे जुने फोटो पाहताना माझा पहिला प्रश्न असतो, हा फोटो कोणाला हवा होता? कॅमेरा तेव्हा स्वस्त नव्हता, रीळ मोजून वापरले जाई. ज्याला गरज होती त्याचाच फोटो निघाला. फोटोला आपण साक्षीदार मानतो, पण या साक्षीदाराला कोणत्या पक्षाने बोलावले आहे हे साक्ष ऐकण्याआधी विचारायला हवे. भिलाईच्या बाबतीत तर नक्कीच, कारण इथे पक्ष अनेक होते.

सगळ्यात मोठा पक्ष सरकार. केंद्र सरकारचा फोटो विभाग १९५९ मध्येच स्वतंत्रपणे सुरू झाला, म्हणजे भिलाईची पहिली भट्टी आणि सरकारी कॅमेरा एकाच वयाचे. पंचवार्षिक योजनांचा तो काळ. धरण, कारखाना, प्रयोगशाळा आणि मधोमध पंतप्रधान नेहरू, असे फोटो देशभर पोचत. नेहरूंना कॅमेऱ्याची लाज नव्हती आणि कॅमेऱ्यालाही ते मानवत. होमाई व्यारावाला यांच्यासारख्या कसलेल्या छायाचित्रकार बाईंनी त्यांना पुष्कळ टिपले. हे सरकारी फोटो खोटे आहेत असे मी म्हणणार नाही, फक्त त्यांच्या खालच्या ओळी जपून वाचाव्यात. ‘आधुनिक भारताची मंदिरे’ ही ओळ भिलाईच्या कित्येक फोटोंखाली चिकटवलेली असते. ती कल्पना नेहरूंनी मांडली १९५४ मध्ये, भाक्रा-नांगलला, पाण्याच्या कामावर. पोलादाशी तिचा संबंध नंतर लोकांनी जोडला. फोटो खरा, जागा खरी, ओळ उसनी. जुन्या फोटोंच्या व्यवहारात हा घोटाळा नेहमीचा आहे.

दुसरा पक्ष रशियन. भिलाईचा करार दिल्लीत २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. दहा लाख टनांचा कारखाना, कर्ज अडीच टक्के व्याजाने, फेड बारा वार्षिक हप्त्यांत. पाश्चात्त्य देशांच्या भावापेक्षा हा व्यवहार फार सवलतीचा होता आणि मॉस्कोला त्याची किंमत पैशांत नको होती. त्यांना जगाला दाखवायचे होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना अवजड उद्योग कोण देतो, हे दाखवायला भिलाईसारखे दुसरे दुकान त्यांच्याकडे तेव्हा नव्हते. साहजिकच त्यांच्या वृत्तसंस्थेने आणि सचित्र मासिकांनी भिलाई भरपूर छापली. अशी मासिके मराठीतही निघत. गुळगुळीत कागदाची, किमतीला नगण्य. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत त्यांची पाने शाळकरी मुलांच्या वह्यांना कव्हर म्हणून चढली. एका पिढीने भिलाई अशी भूगोलाच्या वहीवर पाहिली आहे.

या रशियन फोटोंची एक ठरावीक बैठक होती. एक रशियन तंत्रज्ञ, एक भारतीय तंत्रज्ञ, दोघे एकाच नकाशावर वाकलेले, किंवा दोघांची नजर दूर कशावर तरी. ही बैठक भिलाईत जन्मली नाही. तिचे माहेर उरल पर्वतापलीकडच्या मॅग्निटोगोर्स्कला. स्टालिनच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत तिथे ओसाड माळावर पोलादाचे शहर उभे राहिले आणि त्याचे फोटो जगभर फिरले. त्यातले काही काढले मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाईंनी. भट्ट्या, धुराडी आणि यंत्रे यांचे सौंदर्य पकडण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. याच बाई १९४६ मध्ये भारतात आल्या आणि त्यांनी चरख्यामागे बसलेल्या गांधीजींचा तो सुप्रसिद्ध फोटो काढला. मॅग्निटोगोर्स्क आणि चरखा, दोन्ही एकाच डोळ्याने पाहिलेले. स्वतंत्र भारताने पुढे या दोहोंतले काय निवडले, याचे उत्तर भिलाई.

आणि मॅग्निटोगोर्स्क ते भिलाई हा धागा माझ्या मनाचा खेळ नाही. भिलाईच्या बांधकामावरचे सोव्हिएत मुख्य अभियंता व्हेनियामिन दिमशित्स यांचा अनुभव मॅग्निटोगोर्स्कसारख्याच बांधकामांवर घडला होता. १९५७ ते १९५९ ते भिलाईत होते. परत गेल्यावर त्यांची चढती कमान थेट सोव्हिएत संघाच्या उपपंतप्रधानपदापर्यंत पोचली. ज्यू असूनही त्या काळात इतक्या वर पोचलेला माणूस विरळाच. भिलाईचे यश त्यांच्या खात्यावर जमा झाले होते, हे उघड आहे.

फेब्रुवारी १९६० मध्ये स्वतः निकिता क्रुश्चेव्ह भिलाईला आले. त्या भेटीच्या फोटोंचे पुढे जे झाले ते मोठे मासलेवाईक आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये क्रुश्चेव्ह यांना पदावरून दूर केले गेले आणि त्यांच्या देशातल्या छापील कागदांवरून ते जवळजवळ नाहीसे झाले. सोव्हिएत व्यवस्थेला ही कला जुनीच होती. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनशेजारी उभे असलेले पोलीसप्रमुख येझोव्ह त्यांना गोळी घातल्यानंतर फोटोतून पुसले गेले आणि त्यांच्या जागी नुसते पाणी आले. क्रुश्चेव्ह जिवंत राहिले, एवढा काळ बदलला होता. भिलाईकरांना त्यांना पुसण्याचे काहीच कारण नव्हते. पाहुणा येऊन गेला, फोटो निघाला, फोटो राहिला. लोकशाही देशातल्या कार्यालयीन आळसाचाही इतिहासाला कधीकधी उपयोग होतो.

इथे मराठी वाचकाला एक आठवण करून द्यायला हवी. करार झाला, जागा ठरली, जमिनी घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा भिलाईची राजधानी नागपूर होती. दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल नागपुरात बसत आणि पोलादाचा कारखाना छत्तीसगडात यावा म्हणून त्यांनी आपले सगळे वजन खर्च केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला गेली. त्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, १४ ऑक्टोबरला, नागपुरातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भिलाईचे बांधकाम वेग घेत असताना विदर्भातून कामासाठी तिकडे गेलेल्या कुटुंबांत या दीक्षेची ताजी आठवण घेऊन गेलेले लोकही होते. धर्मांतर आणि कारखान्याची नोकरी, या दोन्ही गोष्टींनी माणसाला गावकुसाबाहेरून शहरात आणले. भिलाईच्या इतिहासात हे दोन धागे एकत्र फारसे कोणी मांडत नाही, मांडायला हवेत.

त्याआधीचे मराठी नाते भोसल्यांच्या काळाचे आहे. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत. पुढे ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषक घरातले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून भिलाईपासून तासाभराच्याही आत असलेल्या राजनांदगावला महाविद्यालयात शिकवत होते. घरात मराठी, कविता हिंदीत. तोंडात बिडी धरलेला त्यांचा फोटो हिंदी वाचकांना पाठ आहे. भिलाईच्या भट्टीचा उजेड आणि ती बिडी एकाच काळातल्या, एकाच मुलखातल्या. एकीचे फोटो सरकारने वाटले, दुसरीचा वाचकांनी जपला.

आता फोटोंत न आलेल्या मरोद्याकडे येऊ. मरोदा हे भिलाईच्या जागेवरचे एक गाव होते. आज ते नाव सेक्टरला आहे, तलावाला आहे, दुर्ग-दल्ली राजहरा मार्गावरच्या रेल्वे स्थानकाला आहे. रिसाली, रुआबांधा, नेवई, खुर्सीपार, सुपेला ही नावेही अशीच गावांची. कारखाना, वसाहत आणि खाणी यांसाठी नव्वदीच्या वर गावांची जमीन कमी-अधिक प्रमाणात गेली. नावे पत्त्यांत उरली. भट्टी कशी पेटते हे दाखवणारे फोटो शेकड्यांनी मिळतात. भट्टी कशावर उभी आहे हे दाखवणारे फार थोडे, आणि मरोदा नेमका त्या दुसऱ्या बाजूला आहे.

पोलादाला खनिज लागते तितकेच पाणी लागते. भट्टीचे कवच सतत थंड ठेवावे लागते, कोक विझवावा लागतो, वाफ करावी लागते. पाणी थांबले तर काही मिनिटांत भट्टी धोक्यात येते. भिलाईचे पाणी येते मुख्यतः बालोदजवळच्या तांदुळा धरणातून. हे धरण १९२१ मध्ये पुरे झाले, इंग्रजांच्या अमदानीत. त्यामागे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांचा धसका होता, ज्यांनी मध्य प्रांताचे आणि त्यातही छत्तीसगडचे कंबरडे मोडले. भाताला पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या धरणाचे पाणी पस्तीस-छत्तीस वर्षांनी कालव्याने मरोद्याच्या साठवण तलावात आणि तिथून कारखान्यात जाऊ लागले. भंडारा-चंद्रपूरच्या वाचकाला तलाव आणि धान यांचे नाते समजावून सांगायला नको. पाण्याचा मालक बदलला की गाव बदलते.

विसाव्या शतकाची सुरुवात आणि मध्य यांना जोडणारी ही रेघ मला भिलाईच्या कथेतली सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुष्काळाच्या फोटोंत हाडांचे सापळे दिसतात, पोलादाच्या फोटोंत पिळदार दंड. मधली कडी म्हणजे हे मुकाट पाणी, आणि ते कोणत्याच गाजलेल्या फोटोत नाही. तलावाचा फोटो काढून कोणाची निवडणूक जिंकली जात नाही, की परदेशी मासिकाचे मुखपृष्ठ सजत नाही.

जमीन गेलेल्यांना कारखान्यात नोकरी मिळाली असेल, असे आपण धरून चालतो. सुरुवातीला पुष्कळ गावकरी त्या नोकरीपासून लांब राहिले. भिलाईत १९९३ पासून वर्षानुवर्षे काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी यामागची एक गोष्ट नोंदवली आहे. एवढे मोठे बांधकाम नरबळीशिवाय उभे राहत नाही, अशी अफवा गावोगाव होती. शिकलेला माणूस ती ऐकून हसतो. मी हसत नाही. मोठ्या बांधकामांवर माणसे खरोखर मरत होती. गावकऱ्यांनी कारण चुकीचे दिले, निरीक्षण चूक नव्हते. मग पंजाब, बिहार, आंध्र, केरळ, विदर्भ इथून माणसे आली, पक्क्या नोकऱ्यांवर बसली, आणि स्थानिकांना शहाणपण येईपर्यंत रांग लांब झाली होती. १९८०च्या दशकात कारखान्याच्या पटावर साठ हजारांहून अधिक माणसे होती. पुढे हा आकडा घसरतच गेला.

आता रेजा. छत्तीसगडात आणि आपल्या पूर्व विदर्भात बांधकामावरच्या मजूर बाईला रेजा म्हणतात. त्या काळातल्या बांधकामांच्या फोटोंत ती हमखास असते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेले, पाय अनवाणी, मागे परदेशी क्रेन. छायाचित्रकारांना हा विरोध फार आवडे. जुना भारत, नवा भारत, एकाच चौकटीत. मला या फोटोंचा राग येतो आणि तरी मी त्यांच्यापाशीच जास्त वेळ थांबतो. राग यासाठी की बाईला तिथे केवळ ‘जुना भारत’ म्हणून उभे केले आहे, जणू तिचे काम म्हणजे क्रेनची उंची दाखवणे. थांबतो यासाठी की एवढा एकच पुरावा आहे. तिच्या हजेरीची वही ठेकेदाराकडे होती, ती गेली. तिला गेटपास मिळाला तो कामापुरता, काम संपल्यावर परत. पक्क्या कामगाराचे नाव, वडिलांचे नाव, गाव, फोटो, सगळे कारखान्याच्या दप्तरात. रेजेचे काहीच नाही. राष्ट्रपतींच्या मागे लांबवर, गर्दीच्या कडेला, भट्टीकडे पाहणाऱ्या बायका दिसल्या तर फोटो मोठा करून बघा. समारंभाला त्यांना बोलावले नव्हते. त्या तिथे कामावर होत्या.

घरगुती फोटोंचा पक्ष वेगळा. क्वार्टर मिळाली, पहिली सायकल आली, मग स्कूटर, आणि प्रत्येक वेळी फोटो. भिलाईच्या अल्बममधल्या कुटुंबांचे कपडे आणि उभे राहण्याची ढब पाहिली की देशातले सगळे प्रांत एका सेक्टरमध्ये राहत होते हे कळते. कोणाच्या मागे गणपतीची आरास, कोणाच्या मागे ओणमची रांगोळी. मार्च १९६४ मध्ये राउरकेल्यात भीषण जातीय दंगल झाली. भिलाईत तसे झाले नाही. याचे श्रेय शेजाराला द्यावे, नोकरीच्या हमीला द्यावे की कामगारसंघटनांना, यावर वाद घालता येईल, पण फरक खरा आहे. १९७२ मध्ये मरोद्याला भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून मैत्रीबाग उभी राहिली. प्राणिसंग्रहालय, बाग, तळे. तेव्हापासून भिलाईच्या घरगुती अल्बमांत मरोदा आला. ज्या गावाच्या जमिनीचा फोटो निघाला नव्हता, तिथे रविवारी दुपारी शेकडो कुटुंबे फोटोला उभी राहू लागली. हे चांगलेच झाले, फक्त उलटे झाले.

आणखी एक पक्ष उरतो, युनियनचा. धीरेश नियोगी हा बंगाली तरुण १९६०च्या दशकात कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात कामाला होता. १९६७ मध्ये नोकरी गेली. पुढे शंकर गुहा नियोगी या नावाने त्याने कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या, ८०-९० किलोमीटरवरच्या दल्ली-राजहरा खाणींतले ठेकेदारी मजूर संघटित केले. १९७७च्या जूनमध्ये तिथे पोलिसांनी गोळीबार केला, ११ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ ३ जून १९८३ रोजी मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभारले. संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात वारल्या, हे रुग्णालय काढण्यामागचे एक मोठे कारण होते. खाणीतली मजूर बाई संघटनेची उपाध्यक्ष झाली, तिचे नाव लागले, तिची तसबीर भिंतीवर चढली. फोटोतली निनावी रेजा नावानिशी समोर आली ती अशी, सरकारच्या किंवा परदेशी मासिकाच्या कृपेने नव्हे.

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगी भिलाईतल्या घरात झोपेत असताना त्यांना गोळी घातली गेली. संघटनेच्या लाल-हिरव्या झेंड्यात गुंडाळलेला त्यांचा देह आणि मागचा अफाट समुदाय, हे त्या शेवटच्या प्रवासाचे चित्र. खटला लांबत गेला. खालच्या न्यायालयाने काही उद्योजकांनाही दोषी धरले, उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त गोळी झाडणाऱ्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्याआधी, १ जुलै १९९२ रोजी, भिलाईत रुळांवर बसलेल्या नियोगींच्या संघटनेच्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पंधराहून अधिक माणसे मेली. ज्या कारखान्याने १९६० पासून देशाला रूळ पुरवले, त्याच्याच गावात. त्याच वर्षी आर्थिक सुधारणांचे फोटो दिल्लीहून येत होते आणि सोव्हिएत संघ नकाशावरून गेलेला होता. भिलाईचे विसावे शतक माझ्या मते तिथे संपते, २००० मध्ये नाही.

रुळांवरून एक गोष्ट सांगतो. रेल्वे रुळाच्या उभ्या बाजूवर कारखान्याची खूण आणि वर्ष उठावाच्या अक्षरांत असते. पोलाद लाल असतानाच ते दाबले जाते. भारतीय रेल्वेचे बहुतेक रूळ भिलाईचे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या यार्डात ही खूण वाचायला मिळू शकते. पोलादाच्या प्रत्येक लांबीवर जन्मसाल आहे. ते घडवणाऱ्या माणसांच्या फोटोंवर बहुधा काहीच नाही. हे मला पटत नाही.

म्हणून नागपूर, गोंदिया, भंडारा, राजनांदगाव, दुर्ग इथल्या मराठी घरांना एक विनंती. आजोबा किंवा वडील भिलाईत कामाला असतील, तर ट्रंकेतले फोटो दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाऊ देऊ नका. घरातल्या सगळ्यात वृद्ध माणसाला जवळ बसवा आणि फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने लिहा: कोण, कोणते गाव, कोणता विभाग, अंदाजे साल. बॉलपेन वापरू नका, ते पुढच्या बाजूला उमटते. मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, नुसता पुढचा नव्हे. आणि एखाद्या चित्रात घमेले घेतलेली बाई असेल, तिचे नाव सांगणारे कोणी अजून हयात असेल, तर आधी ते नाव लिहून घ्या. राष्ट्रपतींचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे.